दोन्ही पदव्यांच्या नावात ‘व्हेटर्नरी’ आहे, म्हणून फसू नकोस

ताई,

मी अठरा वर्षांची आहे. जनावरांची डॉक्टर व्हायचं हे मी फार लहानपणी ठरवलं आणि अजून ते बदललेलं नाही. आत्ता माझ्या टेबलावर प्रवेशाची दोन पत्रं आहेत. एक मोठ्या, नावाजलेल्या विद्यापीठाचं आहे. तिथे तीन वर्षांची ‘व्हेटर्नरी बायोसायन्स’ची बी.एस्सी. आहे. दुसरं एका पशुवैद्यक महाविद्यालयाचं आहे. ते फारसं कुणाला माहीत नाही, नवंच आहे, आणि पदवी पाच वर्षांची आहे. बाबा म्हणतात, “विषय तोच, दोन वर्षं कमी, वर नाव मोठं. डॉक्टर व्हायचं तर त्यातूनच नंतर होता येईल.” मावशी म्हणते, “कुत्र्यामांजरांचं एक वेळ ठीक आहे, पण जन्मभर गाईच्या मागे हात घालून उभी राहणार का?” आईला वाटतं मी फार हळवी आहे. तिचंही खरं आहे. गेल्या वर्षी आमचा कुत्रा गेला तेव्हा मी आठ दिवस धड जेवले नव्हते. त्याआधी त्याच्या पायाला टाके घालत होते ते बघताना मला चक्कर आली होती. रसायनशास्त्रात माझे मार्क बेताचेच असतात. पण मला माणसांपेक्षा प्राणी खूप जवळचे वाटतात, आणि हे काम माझ्यासाठी आहे असं आतून वाटतं. तीन आठवड्यांत उत्तर कळवायचं आहे. मी काय करू?

– दोन पत्रांची मालकीण

मालकीणबाई,

आधी बाबांचं बघू, कारण तीन आठवड्यांची मुदत त्यांच्याच वाक्याला लागली आहे. “विषय तोच” हे बरोबर नाही. व्हेटर्नरी बायोसायन्समध्ये तू प्राण्यांचं शरीर, आजार, जनुकं, जंतू, रोगप्रतिकारशक्ती हे सगळं शिकशील आणि चांगलं शिकशील. पुढे प्रयोगशाळेत, लस किंवा औषध बनवणाऱ्या कंपनीत, पशुखाद्यात, संशोधनात काम मिळतं. हे काम मोलाचं आहे, त्याला कमी लेखायचं काही कारण नाही. पण ती पदवी घेऊन तुला एखाद्या कुत्र्याला तपासून औषध लिहून देता येणार नाही, टाका घालता येणार नाही, भूल देता येणार नाही. जनावरावर उपचार करायला परवाना लागतो. परवाना नोंदणीवर मिळतो आणि नोंदणी ठरावीक पदवीवरच होते. तुझ्या दोन पत्रांपैकी ती पदवी एकाच पत्रात आहे.

“त्यातूनच नंतर होता येईल” यात मात्र थोडं तथ्य आहे. बाबांनी ते कुठेतरी वाचलं असणार. अमेरिकेत आणि कॅनडात पशुवैद्यकाची पदवी बहुतेक जण आधी विज्ञानाचं पदवीशिक्षण घेऊन, मग चार वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम करून मिळवतात. इतर अनेक देशांत शाळा संपल्यावर थेट प्रवेश होतो. ब्रिटनमध्ये साधारण पाच वर्षं, जर्मनीत आणि भारतात इंटर्नशिप धरून साडेपाच, नेदरलँड्समध्ये सहा. पदवीधरांना वेगळा प्रवेश देणारी महाविद्यालयं या देशांतही काही ठिकाणी सापडतात. पण तिथे पुन्हा अर्ज करावा लागतो, पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं, आणि बहुतेकदा पहिल्या वर्षापासून किंवा त्याच्या जवळपासूनच सुरुवात होते. म्हणजे बाबांनी वाचवलेली दोन वर्षं पुढे तीन-चार होऊन परत येतात. शिवाय दुसऱ्या खेपेला प्रवेश मिळेलच याची हमी कुणीच देत नाही. आज तुझ्या हातात तो प्रवेश आहे.

शिक्षण आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एलीन कस्टने चांगलंच भोगलं. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या या बाईंनी १९०० साली एडिंबरामध्ये पशुवैद्यकाचा अभ्यास पुरा केला. पण त्या स्त्री आहेत म्हणून ब्रिटनमधल्या नोंदणी करणाऱ्या संस्थेने त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. त्या आयर्लंडला परतल्या आणि दुसऱ्या पशुवैद्याच्या हाताखाली काम करू लागल्या. स्त्रियांवरची ही बंदी उठवणारा कायदा १९१९ मध्ये झाला आणि १९२२ मध्ये त्यांची नोंदणी झाली. मधली बावीस वर्षं ज्ञान होतं, हात होते, कागद नव्हता. त्यांचा कागद दुसऱ्यांनी अडवला होता. तू तो स्वतःहून सोडू नयेस. (आता अनेक देशांत पशुवैद्यकाच्या वर्गात मुलीच जास्त असतात. कस्टबाईंनी ते बघायला हवं होतं.)

आता दुसरं पत्र. ‘फारसं कुणाला माहीत नाही, नवंच आहे’ हे तू ओझरतं लिहिलंस, पण सगळ्यात जास्त चौकशी तिथेच करायची आहे. महाविद्यालयाचं नाव मोठं नसलं तरी चालेल, मान्यता नसली तर चालणार नाही. प्रवेशपुस्तिकेत काय छापलंय यावर जाऊ नकोस. पशुवैद्यांची नोंदणी करणारी जी परिषद किंवा मंडळ असतं त्यांना थेट विचार: या महाविद्यालयाच्या या पदवीवर नोंदणी होते का? उत्तर लेखी घे. ‘मान्यता आहे’ आणि ‘मान्यतेसाठी अर्ज केला आहे’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. नव्या महाविद्यालयांत हे अंतर कधीकधी पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत मिटत नाही. पहिल्या तुकडीतलं कुणी पास होऊन नोंदणी झालेलं असेल तर निम्मी काळजी मिटली. झालेलं नसेल तर परिषदेकडून टप्प्यांची माहिती घे.

कधीतरी परदेशात काम करायचं मनात असेल तर त्या देशातली अट आत्ताच बघून ठेव. अमेरिकेत आणि कॅनडात काम करायचं तर नॅव्हली नावाची परीक्षा असते, आणि तिथल्या मंडळाने न मानलेल्या परदेशी महाविद्यालयातून आलेल्याला त्याच्या जोडीला आणखी पडताळण्यांतून जावं लागतं. ब्रिटनमध्ये काही पदव्या थेट चालतात, बाकीच्यांना तिथल्या रॉयल कॉलेजची, म्हणजे पशुवैद्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेची, परीक्षा द्यावी लागते. अठराव्या वर्षी हे सगळं ठरलेलं नसतं, माझंही नव्हतं. पण कुठली दारं आत्ताच बंद होताहेत एवढं तरी माहीत असावं.

मान्यता असेल, तर मग मी एकाच गोष्टीवर महाविद्यालय निवडीन. शेवटच्या दोन वर्षांत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हाताखालून किती जनावरं जातात?

का ते सांगते. मी शिकत असताना एका रात्री एक पहिलारू गाय अडली होती. वासराचे दोन पाय बाहेर दिसत होते. मी मोठ्या उत्साहाने दोरी मागितली. सर म्हणाले, “ओढण्याआधी सांग, हातात पुढचे पाय आहेत की मागचे?” पुस्तकात मी ते वाचलं होतं. पुढच्या पायाचे खालचे दोन सांधे एकाच दिशेला वाकतात, मागच्या पायाचे उलटसुलट. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं आणि पूर्ण मार्क मिळाले होते. आत हात घातल्यावर मात्र सगळं ऊबदार, बुळबुळीत आणि एकसारखं लागलं. वर गाईने कळ दिली की हात मनगटापाशी चेपला जायचा. मी ठामपणे सांगितलं, “पुढचे.” सरांनी स्वतः हात घातला आणि एक शब्द न बोलता मला बाजूला केलं. पाय मागचे होते. वासरू उलटं येत होतं, आणि उलट्या वासराची नाळ डोकं बाहेर यायच्या आधीच चेपते, त्यामुळे एकदा ओढायला लागलं की रेंगाळून चालत नाही. मी डोकं शोधत बसले असते तर ते आत गुदमरलं असतं. वासरू जगलं. सरांनी मला दुसऱ्या दिवशी गोठ्यात नेऊन त्याच वासराचे चारही पाय डोळे मिटून चाचपायला लावले. तो सांधा मी अजून विसरलेली नाही.

पुस्तक सगळीकडे एकच असतं. फरक पडतो तो गोठ्याने, शवविच्छेदनाच्या खोलीने, रात्रपाळीने आणि सरांकडे तुझ्यासाठी वेळ असण्याने. म्हणून तिथल्या शेवटच्या वर्षातल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठ, प्राध्यापक समोर नसताना. त्यांना “कॉलेज कसं आहे” असं विचारू नकोस, सगळे “छान आहे” म्हणतील. विचार, की कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन तू मुख्य म्हणून किती केलीस, आणि नुसती चिमटा धरून किती वेळा उभी होतीस? गेल्या महिन्यात किती गाई तपासल्या? घोड्याला शेवटचा हात कधी लावलास? मेलेलं जनावर स्वतः उघडून मरणाचं कारण शोधलंस का? रात्री आलेली केस कोण बघतं? आकडा सांगताना जो पोरगा अडखळतो त्याने तुला खरं उत्तर दिलं असं समज. मोठ्या नावाच्या महाविद्यालयात कधीकधी एका गाईमागे पंधरा विद्यार्थी असतात, आणि आडवळणाच्या महाविद्यालयात सकाळपासून दारात गुरं उभी असतात. उलटही असतं. नवीन महाविद्यालयात इमारत चकचकीत आणि गोठा रिकामा असं दिसलं तर मात्र मी दोनदा विचार करीन.

मावशींकडे वळते. त्यांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग, की त्या म्हणतात ते काम अगदी खरं आहे. खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा चढवून हात गाईच्या गुदद्वारातून आत जातो, आणि आतड्याच्या पातळ भिंतीपलीकडून गर्भाशय, बीजकोष, गाभ चाचपायचा असतो. पहिले कित्येक दिवस हाताला शेणाशिवाय काही कळत नाही. मग एका दिवशी बोटांना अचानक डोळे फुटतात. अनुभवी हाताला साधारण पाच-सहा आठवड्यांचा गाभही कळतो. आता सोनोग्राफीची यंत्रं गोठ्यात नेता येतात, तरी बोटांचं काम संपलेलं नाही. त्या एका तपासणीवर समोरच्या माणसाचा सहा महिन्यांचा हिशेब ठरतो: गाय ठेवायची, पुन्हा भरवायची की विकायची. मला विचारशील तर माझ्या सगळ्या कामात हेच मला सगळ्यात जास्त आवडलं. हात धुतला की स्वच्छ होतो.

शिवाय हा पेशा जन्मला तोच मुळी गोठ्यासाठी. युरोपातलं पहिलं पशुवैद्यक विद्यालय क्लोद बुर्झला यांनी फ्रान्समधल्या लियों शहरात काढलं. १७६१ मध्ये परवानगी मिळाली आणि १७६२ मध्ये वर्ग सुरू झाले. बुर्झला स्वतः घोडेस्वारीची शाळा चालवणारे. पण सरकारने पैसे दिले त्यामागे बुळकांडीची दहशत होती. या रोगात गुरं कळपच्या कळप मरत आणि मागोमाग माणसांवर उपासमार येई. दोनशे वर्षांनी वॉल्टर प्लोराइट या इंग्लिश पशुवैद्याने केनियात बुळकांडीची स्वस्त आणि भरवशाची लस तयार केली, आणि २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपूर्ण नाहीसा केलेला हा दुसराच रोग. तो गुरांचा होता आणि त्यामागची मेहनत मुख्यतः गुरांच्या डॉक्टरांची होती. पुढच्या वेळी मावशी नाक मुरडतील तेव्हा बुळकांडीचं नाव काढ.

आणि तुला कुत्र्यामांजरांचंच करायचं असेल तर तेही कर, पण पदवी तशी तुकड्यात मिळत नाही. आधी सगळे प्राणी शिकावे लागतात. माणसांचा डॉक्टर जन्मभर एकच प्राणी बघतो. तुझ्यासमोर निदान सहा-सात असतील आणि प्रत्येकाचं शरीर आपल्याच हट्टाने चालतं. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून त्याचं पोट तुंबलं की जीवावर बेततं. गाईला वरचे पुढचे दात नसतात. ती जिभेने वैरण ओढून न चावता गिळते, त्यात तार किंवा खिळा गेला तर तो पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसतो आणि तिथून हृदय हाकेच्या अंतरावर असतं. म्हणून गाईच्या पोटात आयुष्यभरासाठी लोहचुंबक सोडून देतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सर थट्टा करताहेत असंच वाटलं होतं.

तुझं रसायनशास्त्र इथेच येतं. माणसाला ताप आला की आपण पॅरासिटामॉल देतो. तीच एक गोळी मांजराला मारू शकते, कारण ते औषध निकामी करायला जी रासायनिक जोडणी लागते ती मांजराच्या यकृताला पुरेशी करता येत नाही. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांमध्ये एका जनुकात दोष असतो. आयव्हरमेक्टिन हे जंतावरचं औषध मोठ्या मात्रेत दिलं तर त्यांच्या मेंदूत शिरतं, आणि तीच मात्रा इतर बहुतेक कुत्र्यांना सोसते. डायक्लोफेनॅकचं तर तुला माहीतच असेल. गुरांच्या दुखण्यावर दिलेलं हे औषध मेलेल्या गुरातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि दक्षिण आशियातल्या गिधाडांच्या तीन जातींमधली नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं नाहीशी झाली. कारण २००४ मध्ये सापडलं, आणि २००६ मध्ये भारत, नेपाळ, पाकिस्तानात गुरांसाठी त्यावर बंदी आली. गुराला दिलेल्या औषधाचा जाब आभाळातल्या पक्ष्यापर्यंत द्यावा लागतो, असा हा धंदा आहे. तेव्हा रसायनशास्त्र आवडलंच पाहिजे असं मी म्हणत नाही, मलाही ते आवडायचं नाही. पण ते टाळता येणार नाही. पहिल्या दोन वर्षांत जीवरसायन आणि नंतर औषधशास्त्र हे दोन विषय पुष्कळांना मागे खेचतात. सुट्टीत निदान आम्ल-अल्कली आणि सेंद्रिय रसायनशास्त्राची पायाभूत प्रकरणं पुन्हा वाचून काढ. नावाजलेल्या विद्यापीठाची बी.एस्सी. घेतलीस तर रसायनशास्त्र यापेक्षा जास्तच असेल, हेही लक्षात घे.

चक्कर येण्याचं मनावर घेऊ नकोस. आमच्या वर्गात पहिल्या ऑपरेशनला तिघं आडवे झाले होते आणि त्यातली एक मी. रिकाम्या पोटी जाऊ नये, गुडघे ताठ करून उभं राहू नये, डोळ्यांपुढे काजवे चमकले तर लाज न बाळगता खाली बसावं. दोन-चार खेपांत बहुतेकांचं जातं. त्यातून तू तुझ्या स्वतःच्या कुत्र्याचे टाके बघत होतीस. आपल्या माणसाचं रक्त बघणं मुरलेल्या सर्जनलाही जड जातं.

हळवेपणाबद्दल आईची काळजी मात्र मी झटकून टाकणार नाही. पण ती जिथे बोट ठेवते आहे तिथे दुखणार नाही, भलतीकडेच दुखेल. जनावर दगावलं की वाईट वाटतं, रात्री घरी जाऊन रडूही येतं. ते चालतं. मी अजून रडते. बरं न होणाऱ्या जनावराला शांतपणे मरण देणं हेही आपल्याच कामात येतं, आणि खरं सांगायचं तर नीट केलेलं ते काम मला कधी ओझं वाटलं नाही. ओझं वाटतं ते बऱ्या होऊ शकणाऱ्या जनावराचं. पाय मोडलेला दोन वर्षांचा कुत्रा टेबलावर असतो, ऑपरेशन केलं तर तो पळेल हे मला दिसत असतं, आणि समोरचा माणूस मान खाली घालून म्हणतो, “एवढे पैसे नाहीत हो.” दुसरा पैसेवाला असतो आणि म्हणतो, “कुत्र्यासाठी एवढा खर्च?” तिसरी बाई मरणाच्या दारातल्या मांजराला सोडायलाच तयार नसते आणि मांजर तिच्यासाठी यातना काढत राहतं. या तिघांशी बोलायचं तूच असतेस. निर्णय त्यांचा, इंजेक्शन तुझ्या हातात.

म्हणून तुझ्या पत्रातल्या ज्या वाक्याने मी थबकले ते चक्कर येण्याचं नव्हतं. ते होतं “मला माणसांपेक्षा प्राणी खूप जवळचे वाटतात.” अगं, हे वाक्य पहिल्या वर्षाच्या वर्गात निम्मी मुलं म्हणतात. मीही म्हणायचे. पण एकही जनावर आपल्या पायांनी दवाखान्यात येत नाही. त्याला कुणीतरी आणतं. कुठे दुखतंय ते जनावर सांगत नाही आणि आणणारा अर्धवट सांगतो, कधी घाबरून, कधी लपवून. “काल काय खाल्लं?” “काही नाही, नेहमीचंच.” तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारल्यावर कळतं की उंदराचं विष पडलेलं होतं. रोगाचं निदान अर्धं तरी त्या संभाषणात होतं. माणसांना कंटाळून जे या पेशात येतात ते माझ्या पाहण्यात सगळ्यांत लवकर थकले. हा पेशा मनाला थकवणारा आहे. पशुवैद्यांमध्ये आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त असल्याचं एकाहून अधिक देशांत दिसून आलं आहे. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. पाच वर्षांत मैत्रिणी जोड, अडलं तर मदत मागायची सवय लाव, आणि महाविद्यालयात विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक आहे का हा प्रश्नही त्या यादीत घाल.

माणसांशी बोलणं अगदीच नको वाटत असेल, तर ते पहिलं पत्र पुन्हा उघडून बघ. प्रयोगशाळेत जनावरांचं भलं करता येत नाही असं थोडंच आहे! उलट पशुवैद्यकाची पदवी घेऊनही प्रयोगशाळेत जाता येतं. ऑस्ट्रेलियाचे पीटर डोहर्टी पशुवैद्य म्हणून शिकले, मग संशोधनाकडे वळले. विषाणू शिरलेली पेशी शरीराच्या संरक्षक पेशी कशी ओळखतात हे त्यांनी रॉल्फ झिंकरनागेल यांच्यासोबत शोधलं, आणि १९९६ मध्ये दोघांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. म्हणजे दुसऱ्या पत्रातून पहिल्या पत्राच्या कामाकडे जाता येतं. पहिल्यातून दुसऱ्याकडे जायचं तर पुन्हा पहिल्यापासून. बाबांना हिशेब आवडत असेल तर हा हिशेब त्यांच्यापुढे मांड.

पैशांचं तू लिहिलं नाहीस, तेव्हा मी थोडक्यात सांगते. पाच वर्षांची फी आणि राहण्याचा खर्च एका कागदावर मांडा, शेजारी नव्या पशुवैद्याला मिळणारा पगार लिहा. तो माणसांच्या डॉक्टरांइतका बहुधा नसतो. कर्ज काढावं लागणार असेल तर हा कागद सही करायच्या आधी बघा, नंतर नको.

तर मी काय करीन? दुसऱ्या महाविद्यालयाची मान्यता पक्की निघाली आणि दारात जनावरं येत असतील, तर मी दुसरं पत्र घेईन. मान्यता डळमळीत असेल, तर एक वर्ष थांबून पुन्हा पशुवैद्यकाचाच प्रवेश बघीन. नाव मोठं म्हणून पहिलं घेणार नाही. प्रयोगशाळाच हवीशी वाटली तर गोष्ट वेगळी, मग ते आनंदाने घे.

पण त्याआधी तुझ्याकडे तीन आठवडे आहेत. त्यातले चार दिवस बाहेर काढ. दोन दिवस एखाद्या पशुवैद्याच्या दवाखान्यात कोपऱ्यात उभी राहा. जनावरांकडे कमी बघ, ती आपसूक दिसतील. डॉक्टर माणसांशी कसं बोलतात ते बघ, आणि संध्याकाळी स्वतःला विचार की यातलं कुठलं बोलणं मला जमलं असतं. एक दिवस प्राण्यांचे रक्ताचे, शेणाचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत घालव, म्हणजे पहिल्या पत्रातलं काम कसं असतं तेही कळेल. कुत्र्यामांजरांना हात लावणार असशील तर रेबीजच्या प्रतिबंधक लसीबद्दल आधी डॉक्टरांना विचार. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ती पुढे अनेक ठिकाणी घ्यावीच लागते.

आणि चौथा दिवस गोठ्यात, पहाटे, धारा काढायच्या वेळेला. मावशींनाही बरोबर घेऊन जा, येतील त्या. जुन्या चपला घालून जा दोघी.

– तुझी ताई